कडकबाई आणि फाटकी चादर

लाँड्रीत त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘कडकबाई’. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, हे कुणालाच नक्की सांगता आलं नसतं. दोन्हीकडून ते चपखल बसत होतं. बाईंच्या कानावर ते कधीच आलेलं होतं. त्या मनातल्या मनात म्हणायच्या, मऊ नाव पडण्यापेक्षा हे बरं.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल इथे ट्रकने यायचे. एका टोकाला मळक्या कपड्यांचे ढीग उतरायचे, मग धुण्याची मोठी यंत्रं, मग पिळून काढणारी, मग इस्त्रीचा रोलर, मग घड्या घालायची लांबलचक टेबलं, आणि दुसऱ्या टोकाला पांढरेशुभ्र गठ्ठे बांधून तयार. बाईंची केबिन वर होती. तिच्या काचेतून सगळा तळमजला दिसायचा. बाई स्वतः कधीकाळी त्याच टेबलांपाशी घड्या घालायला लागल्या होत्या. तिथून पायरी पायरीने वर चढल्या आणि मॅनेजर झाल्या. त्यांचे यजमान शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. ते गमतीने म्हणायचे, “तुझ्या हाताखालच्या लोकांचं बरं आहे, त्यांना संध्याकाळी सुटी होते. माझं काय?”

बाईंचे नियम साधे होते, पण त्यात सूट नव्हती. बाह्या कोपराच्या वर. केस घट्ट बांधलेले. गळ्यात काही लोंबकळणार नाही. आणि रोलरच्या तोंडाशी गप्पा नाहीत.

हा शेवटचा नियम रोज मोडायची ती रेडिओ. खरं नाव हजेरीपुरतं, एरवी ती रेडिओच. पस्तिशीची बाई, संसार मोडल्यावर माहेरी परत आलेली, आई आणि भावाच्या घरात राहणारी. घरचं मांजर काय वागलं इथपासून शेजारणीच्या जावयाच्या टकलापर्यंत तिच्याकडे सगळ्या बातम्या असायच्या. यंत्रांच्या खडखडाटावरही तिचा आवाज चढायचा. आणि रोलरवर तिची जोडीदार होती तिचीच भावजय. तिला अख्खी लाँड्री ‘वहिनी’ म्हणायची. मोठमोठे मिशाळ धुलाईवालेसुद्धा. वहिनी बोलायची कमी, पण नणंदेच्या बोलण्यावर मान डोलवायची ती अशी की रेडिओला आणखी चेव यायचा.

रोलर म्हणजे खांबाएवढं एक लोखंडी लाटणं समजा, आतून वाफेने तापलेलं, संथ फिरणारं. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी दोन बाजूंनी धरायची, ताणायची आणि त्याच्या तोंडात सरळ सोडायची. पलीकडे ती कोरडी आणि सपाट होऊन बाहेर पडते. तोंडाशी एक आडवी पट्टी असते, तिला धक्का लागला की रोलर थांबतो. नणंद-भावजयांचे हात इतके जुळलेले होते की चादर जणू आपोआप सरकायची. बाई वरून पाहायच्या आणि मनात म्हणायच्या, हिचं तोंड बंद केलं तर कदाचित हात पण थांबतील. म्हणून ओरडायच्या, पण बदली करत नव्हत्या.

ते झालं तेव्हा सकाळच्या कामाला नुकता जोर आला होता. बाई केबिनमध्ये हॉटेलवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होत्या. खालून एक किंकाळी आली, आणि मग रोलरचा आवाज थांबला. बाईंनी फोन तसाच टेबलावर टाकला.

जिना उतरताना त्यांना दिसलं ते असं. रेडिओ रोलरला टेकून उभी होती, उजवा हात पट्टीच्या पलीकडे. वहिनी दुसऱ्या टोकाला चादरीचं टोक तसंच धरून पुतळ्यासारखी. पट्टीने आपलं काम केलं होतं, रोलर थांबला होता. पण थांबेपर्यंत बोटं आत गेली होती, आणि रोलर थांबला तरी गार थोडाच होतो? यंत्र सांभाळणारा मिस्त्री मागे बॉयलरपाशी. भोवती चार-पाच जण होते, पण जो तो “अरे कुणीतरी काहीतरी करा” म्हणत होता.

बाजूला एक हाताने फिरवायचं चाक असतं. ते फिरवलं की रोलर वर उचलला जातो. बाईंनी ते दोन्ही हातांनी फिरवलं. हात सुटला. रेडिओ खाली बसू लागली तशी बाईंनी तिला काखेत धरून नळापाशी नेलं आणि हात गार पाण्याच्या धारेखाली धरला. कुणीतरी धावत टूथपेस्टची ट्यूब आणली. बाई गरजल्या, “ती ठेव तिकडे! पाण्याशिवाय काही लावायचं नाही. ॲम्ब्युलन्सला फोन करा. आणि तू, गेटवर जाऊन उभा राहा, गाडी आत यायला रस्ता मोकळा ठेव.”

रेडिओ तरीही गप्प नव्हती. “बाई, माझीच चूक. मी बोलत होते. तुम्ही सांगत होतात…”

“आत्ता बोलू नकोस.”

“तेच तर तुम्ही रोज सांगता,” रेडिओ म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

गाडी आली तेव्हा बाईंपुढे प्रश्न उभा राहिला. बरोबर कुणी जायचं? मॅनेजर म्हणून त्यांनी जायला हवं. पण वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती “मी जाते, मी जाते” एवढंच पुटपुटत होती. शिवाय रोलर तसाच गरम होता. आपण गेलो की कुणीतरी तो पुसून परत सुरू करील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वहिनीला गाडीत चढवलं, सोबत पॅकिंगमधली एक शांत डोक्याची बाई दिली आणि सांगितलं, “मी मागोमाग येतेच.”

मग त्यांनी वाफ बंद करायला लावली, रोलरच्या बटणाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आत अडकलेली चादर काढू दिली नाही. “जसं आहे तसं राहू दे. तपासायला माणूस येईल, त्याला दाखवायचंय.”

एवढ्यात तळमजल्यावरचा दुसरा फोन वाजला. मालकांचा. मालक वाईट माणूस नव्हता. लोकांच्या अडीअडचणीला धावून जायचा, पण रोलर थांबला की त्याला चैन पडायचं नाही.

“फार लागलंय का?” त्याने विचारलं.

“दोन बोटं चेंगरली आहेत आणि भाजली आहेत. हॉस्पिटलात नेलंय.”

“अरेरे. खर्चाची काळजी करू नका म्हणावं. बरं… हॉटेलच्या चादरी संध्याकाळी द्यायच्या आहेत. रोलर पुसून घ्या आणि दुसरी जोडी लावा. मिस्त्रीला उभं करा जवळ.”

“रोलर बंद राहील.”

“किती वेळ?”

“तपासून होईपर्यंत.”

“बाई, यंत्र बिघडलेलं नाही. थांबलं ना ते?”

“थांबलं. हात आत गेल्यावर थांबलं. सरकारी कचेरीला कळवावं लागेल, त्यांचा माणूस येऊन बघेल. तोवर मी कुणाला त्याच्यासमोर उभं करणार नाही. चादरी बाहेरून इस्त्री करून घेऊ, नाहीतर उशिरा देऊ.”

मालक म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं. पण हॉटेलवाल्याशी तुम्हीच बोला.”

“बोलते. त्याचा फोन अजून टेबलावरच पडलाय.”

हॉस्पिटलात पोचेपर्यंत रेडिओला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. वहिनी बाकावर बसली होती, तळहात मांडीवर उताणे ठेवून. बाई शेजारी बसल्या.

“बाई, मला ते चाक फिरवता आलं नाही,” वहिनी म्हणाली.

“तुला कुणी शिकवलं होतं का?”

वहिनीने नकारार्थी मान हलवली. “मिस्त्री फिरवतो ते पाहिलं होतं. पण कुठल्या बाजूला ते… माझ्या डोळ्यांदेखत तिचा हात आणि मी चादर धरून उभी.”

“शिकवलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “ते मिस्त्रीला येतं आणि मला येतं. तिसऱ्या कुणाला येत नाही. हे तुझं नव्हे, माझं आहे.”

वहिनीला हे पटलं की नाही कळलं नाही. पण तिने तळहात मिटले.

घरी कळवायचं राहिलं होतं. रेडिओचा भाऊ कामानिमित्त परगावी होता. घरी एकटी म्हातारी आई. फोनवर सांगावं असं बाईंच्या मनात एकदा आलं. मग त्या स्वतःच गेल्या. गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार म्हातारीने उघडलं. हातात निवडायला घेतलेली भाजी, नाकावर घसरलेला चष्मा.

“मी लाँड्रीतून आले. मॅनेजर.”

“म्हणजे कडकबाई?” म्हातारी म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा बदलला. मॅनेजर घरी येते म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. “काय झालं? दोघींपैकी कोण?”

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कुठल्या हाताला लागलं, डॉक्टर काय म्हणाले, काय अजून सांगता येत नाही. म्हातारीने ऐकलं. भाजी तशीच हातात.

“तुमच्या डोळ्यांसमोर झालं?”

“नाही. मी वर होते.”

“वर कशाला होतात?”

मॅनेजरचं कामच वर असतं, हे उत्तर होतं. पण ते म्हातारीपुढे बोलण्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, “चला, मी तुम्हाला तिच्याकडे नेते.” वाटेत रिक्षात म्हातारी बाहेरच बघत राहिली. बाईंकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पुढे कित्येक दिवस पाहिलं नाही.

रेडिओचा हात वाचला. पण दोन बोटांची टोकं गेली, आणि त्यातल्या मधल्या बोटाचं कातडं ओढल्यासारखं झालं.

तपासनीस आला. तरुण, मोजकं बोलणारा. त्याने अडकलेली चादर बाहेर काढायला लावली, पट्टी दाबून पाहिली, रोलर चालू-बंद करून पाहिला, वेग मोजला. मिस्त्री घामाघूम होऊन मागे मागे. शेवटी तपासनीस म्हणाला, “यंत्र ठीक आहे. पट्टी वेळेवर थांबवते. हात एवढा आत गेला कसा?”

मालकाने सुटकेचा निःश्वास सोडला. “हेच तर. यंत्र ठीक. बाई बोलण्यात दंग होती. तिने स्वतःच कबूल केलंय.”

बाईंनी बाजूला काढलेली ती चादर उचलली. ती टेबलावर पसरली. एका कडेची शिवण उसवून कापडाचा एक फास लोंबत होता, दोन बोटं सहज जातील एवढा.

“हे बघा,” बाई म्हणाल्या. “चादर ताणताना बोटं यात गेली. चादर आत ओढली गेली, बोटं तिच्याबरोबर. मुकी बाई असती तरी गेली असती.”

तपासनिसाने फासात बोट घालून पाहिलं. “फाटकं निवडून काढत नाही का तुम्ही? रोलरवर जायच्या आधी?”

“काढत होतो. मळक्या ढिगापाशी एक बाई फक्त त्यासाठी बसायची. हॉटेलचं काम वाढलं तेव्हा मी तिला पॅकिंगला पाठवलं.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच.”

मालकाने बाईंकडे चमकून पाहिलं. तपासनीस गेल्यावर तो म्हणाला, “अहो, स्वतःहून कशाला सांगायचं? तो विचारत होता तेवढंच सांगायचं.”

“त्याने तेच विचारलं.”

“पण खापर तुमच्या डोक्यावर फुटेल.”

“मग काय तिच्या डोक्यावर फोडायचं? तिचा तर हातच गेलाय कामातून. मी हात झटकले तर मला काय, माझे दोन्ही शाबूत आहेत.”

मालक हसला नाही. तो तसा समजूतदार होता. पुढे लेखी ताकीद मात्र दिली, आणि बाईंनी ती घेतली. रेडिओ घरी असेपर्यंत तिचा पगार चालू राहील हेही तेव्हाच ठरलं. त्यासाठी बाईंना फार भांडावं लागलं नाही.

खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हे ती, तळमजल्यावर झाली. रोलर परत सुरू झाला, नवी जोडी लागली, आणि कुणीही कुणाशी बोलेना. रोलरपाशी तर नाहीच, पण घडीच्या टेबलांवरसुद्धा शुकशुकाट. जी शिस्त आणायला बाईंनी एवढी वर्षं घसा कोरडा केला, ती एका दिवसात आपोआप आली. धुलाईवाल्यांमधला सगळ्यात जुना, ज्याला सगळे मामा म्हणायचे, तो एकदा जिन्यात भेटला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही सांगतच होतात. तिने ऐकलं असतं तर आज हात धड असता. तुमचंच खरं.”

बाई “हं” म्हणाल्या आणि वर गेल्या. पण घरी जेवताना त्या भात नुसता चिवडत राहिल्या. यजमानांनी विचारलं. बाईंनी सांगितलं.

“मग बरंच झालं की,” यजमान म्हणाले. “तुझं म्हणणं खरं ठरलं. असा मान आयुष्यात एकदा मिळतो.”

“खरं कुठे ठरलं? तेच तर. बोलण्याने नाही झालं ते.”

“लोकांना तसं वाटतंय ना? वाटू दे. लोक गप्प बसून काम करतात, तुला हवं तेच.”

बाईंनी ताटावरून मान वर केली. यजमान मुद्दाम डिवचत होते, हे त्यांना ठाऊक होतं. असं डिवचायचं आणि मग बाजूला व्हायचं, ही त्यांची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत बाईंनी सगळ्यांना घडीच्या टेबलांपाशी बोलावलं. डबे उघडेच राहिले. बाईंना भाषण करायची सवय नव्हती. ओरडायची होती, पण ते वेगळं. त्यांनी ती फाटकी चादर आणली होती. टेबलावर पसरली आणि तो फास सगळ्यांना दाखवला.

“हात यामुळे गेला,” त्या म्हणाल्या. “बोलण्यामुळे नाही. फाटकं निवडणारी बाई मी उठवली होती. कामाची घाई होती म्हणून. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तेव्हा उगाच तिच्या नावाने बोलू नका. ती घरी बसून स्वतःलाच दोष देतेय, त्यात तुमची भर नको.”

मामा पायाकडे बघत होता. मग मागून पॅकिंगमधली एक जण म्हणाली, “मग आता फाटकं कोण निवडणार?”

“जी आधी निवडायची तीच. आजपासून.”

“मग पॅकिंगला हात कमी पडतील.”

“पडू देत. गठ्ठे उशिरा जातील. ओरडा मी खाईन.”

“आणि बोलायचं की नाही?” हे कुणी विचारलं ते कळलं नाही, पण मागे दोघी-तिघी हसल्या.

“रोलरच्या तोंडाशी नाही,” बाई म्हणाल्या. “तो नियम आहे तो आहे. पण टेबलांवर तरी बोला. स्मशानात काम केल्यासारखं वाटतंय.”

त्याच आठवड्यात मिस्त्रीने प्रत्येकाला चाक फिरवायला शिकवलं. गार रोलरवर, एकेकाला उभं करून, पुन्हा पुन्हा. मामाला आधी उलटंच फिरवत बसायची सवय लागली, म्हणून सगळे त्याला ‘उलटा मामा’ म्हणू लागले. वहिनी मात्र त्या यंत्राजवळ यायला तयार नव्हती. बाईंनी आग्रह केला नाही. तिला घड्यांवर दिलं. पण चाक शिकायला ती एक दिवस आली, सगळे गेल्यावर. फिरवलं, परत फिरवलं, आणि निघून गेली.

बाई दर आठवड्याला रेडिओच्या घरी जायच्या. म्हातारी दार उघडायची, खुर्ची पुढे करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. रेडिओची कॅसेट मात्र चालूच होती. डॉक्टर कसा तोतरा आहे, शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर कशी घोरायची, आणि हात दुखतो तेव्हा नसलेली टोकंच कशी जास्त दुखतात. “बघा बाई, तिथे नाहीच ती, तरी खाजतात. खाजवायचं कुठे?”

बाईंना हसावं की काय करावं ते सुचायचं नाही.

एकदा रेडिओने विचारलं, “मला परत घ्याल ना?”

“तुझं काम तुझंच आहे,” बाई म्हणाल्या. एवढं उत्तर पुरे आहे, असं त्यांना वाटलं.

रेडिओ परत आली तेव्हा बाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती. केबिनबाहेर एक टेबल, पाठीला गादीची खुर्ची, समोर फोन. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. उचलायचं काही नाही, ओढायचं काही नाही, वाफ नाही, गर्मी नाही. डॉक्टरांनी हलकं काम सांगितलं होतं, आणि याहून हलकं काम त्या इमारतीत नव्हतं. बाईंना मनातून समाधान वाटलं. आपण सगळं नीट निभावलं.

रेडिओ खुर्चीत बसली. पहिल्या आठवड्यात हसरी होती. मग तिचं हसणं फोनपुरतं उरलं. मग एक दिवस बाई केबिनमधून बाहेर आल्या, तर रेडिओ कठड्याला टेकून खाली रोलरकडे बघत होती आणि फोन वाजत होता.

“फोन वाजतोय,” बाई म्हणाल्या.

“वाजू दे.”

हे उत्तर लाँड्रीत बाईंना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला, दोन वाक्यांत मिटवला आणि ठेवला.

“काय झालं?”

“काही नाही. मला काचेच्या कपाटात ठेवलंय तुम्ही. शोभेची बाहुली. खालचे लोक जिन्यातून वर बघतात आणि ‘बिचारी’ म्हणतात. मला ऐकू येतं.”

“डॉक्टर म्हणाले हलकं काम…”

“डॉक्टरला विचारलंत. मालकांना विचारलंत. मला विचारलंत का?”

खरंच विचारलं नव्हतं. खुर्चीच्या गादीचं कापडसुद्धा त्यांनी स्वतः पसंत केलं होतं. बसणारीला मात्र विचारलं नव्हतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता विचारते. काय हवंय तुला?”

“रोलर.”

“वेडी आहेस का?”

“असेन. पण इथे वर बसून त्याच्याकडे बघत राहिले तर जास्त वेडी होईन. रोज स्वप्नात तोच फिरतो. मला एकदा त्याच्यासमोर उभं राहू द्या. नाही जमलं तर मीच सांगेन.”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जखम भरलीय, सांभाळून करू द्या, पकड किती राहते ते बघा. मालक म्हणाला, “बाई, परत काही झालं तर?” बाई म्हणाल्या, “म्हणूनच मी तिथे असेन.” वहिनीला जोडीला येतेस का विचारलं तर तिने नकारार्थी मान हलवली, आणि तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग दुसऱ्या टोकाला कोण? बाईंनी बाह्या वर केल्या.

पहिल्या दिवशी रोलर गारच ठेवला. दोघींनी कोरडी चादर धरली आणि सोडली. मग ओली. बाईंनी रोलर सोडून फार वर्षं झाली होती. त्यांचा हात जड पडायचा, टोक आधी सुटायचं, चादर तिरकी जायची. तळमजला काम सोडून बघत होता.

“बाई,” रेडिओ म्हणाली, “चादर आहे ती, तिच्याशी भांडू नका. हलकेच सोडा.”

“तू बोलू नकोस.”

“मग शिकणार कशा तुम्ही?”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी वळून पाहिलं, पण त्यांच्याच ओठांचा कोपरा हलला, तेव्हा धाक फुकट गेला.

मग रोलर तापवला. पहिली चादर आत जाताना रेडिओच्या कपाळावर घाम आला आणि तिचा उजवा हात मागे सरला. बाई थांबल्या. मिस्त्री बटणापाशी उभा होता. “थांबायचं का?” बाईंनी विचारलं. रेडिओने नकारार्थी मान हलवली आणि हात परत पुढे आणला. चादर गेली, पलीकडे सपाट बाहेर आली. वहिनी घडीच्या टेबलावर होती. तिने ती चादर उचलली, घडी घातली आणि बाजूला ठेवली, वर न बघता.

काही आठवडे रेडिओ रोलरवर राहिली. रोज थोडा वेळ, मग थोडा जास्त. पण ओल्या जाड चादरींना तिची पकड पुरेना. टोक सुटायचं, आणि दुसरीला सावरावं लागायचं. ती दमायची, चिडायची, हात पाठीमागे लपवायची. बाईंना हे दिसत होतं, पण या वेळी त्या काही ठरवायला गेल्या नाहीत. थांबल्या. हे थांबणं त्यांना ओरडण्यापेक्षा अवघड गेलं.

एका दुपारी रेडिओच केबिनमध्ये आली आणि खुर्ची ओढून बसली.

“झालं माझं,” ती म्हणाली. “भीती गेली. पण हात ऐकत नाही. आता सांगा, दुसरं काय आहे? फोन सोडून.”

दोघींनी बसून विचार केला. शेवटी ठरलं ते रेडिओच्याच डोक्यातून निघालं. हॉटेलांत आणि हॉस्पिटलांत गठ्ठे पोचवणाऱ्या गाडीबरोबर कुणी जबाबदार माणूस नसायचा. ड्रायव्हर गठ्ठे उतरवायचा आणि तिथल्या लोकांची बोलणी खाऊन परत यायचा. रेडिओ गाडीवर जाऊ लागली. महिन्याभरात हॉटेलच्या हाऊसकीपिंगवाल्या तिच्या मैत्रिणी झाल्या. चादरी फाटक्या येतात त्या कशाने, हे तिने तिथे जाऊन शोधून काढलं. ट्रॉल्यांच्या चाकांत अडकून. तिने त्यांच्याशी भांडून ट्रॉल्यांना कडा लावून घेतल्या. जी हुज्जत बाई फोनवर घालायच्या, ती आता रेडिओ समोरासमोर घालायची, आणि बरेचदा जिंकायची.

म्हातारी पुढे एकदा लाँड्रीत आली. लेक डबा विसरली होती म्हणून. बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. म्हातारीने डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “तिला द्या. आणि तुम्ही जेवलात का?” बाई म्हणाल्या, “नाही अजून.” “मग जेवा,” म्हातारी म्हणाली आणि गेली.

त्या वर्षात लाँड्रीत एक गोष्ट बदलली. कुणाला वाफेचा चटका बसला, कुणाचा पाय ओल्या फरशीवर घसरला, कुणाच्या बोटात ट्रॉलीचा खिळा गेला, की लोक येऊन सांगायला लागले. आधी ते फडकं गुंडाळून गप्प बसायचे. कडकबाईंना कळलं तर ओरडा बसेल म्हणून. आता ओरडा बसायचाच, पण तो दुखापतीवर नव्हे, खिळ्यावर बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो खिळा ठोकलेला असायचा. मालकाने वर्षाअखेरीस आकडे पाहिले आणि तो हादरला.

“बाई, अपघात एवढे वाढले?”

“वाढले नाहीत,” बाई म्हणाल्या. “कळायला लागलेत.”

मालकाने आकडे परत एकदा वरून खाली वाचले. मग म्हणाला, “आणि ओल्या फरशीचं काय करताय?”

“रबरी जाळी टाकायला सांगितलीय. मिस्त्री खाली माप घेतोय, चला दाखवते.”